बोक्यासाठी चांगलं खाणं हवंय? पाकिटाची मागची बाजू वाचा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. चार वर्षांचा, नसबंदी झालेला बंड्या, वजन पावणेसहा किलो. लहानपणापासून बांगडा-भात, वर दुकानात सुटे मिळणारे दाणे आणि दुपारी आजींच्या हातचं दूध. मे महिन्यात त्याची लघवी तुंबली, डॉक्टरांनी नळी घालून मोकळी केली आणि खाणं बदलायला सांगितलं. आता तुम्हाला चांगल्या ब्रँडचं नाव हवंय, ग्रेन-फ्री, म्हणजे धान्य न घातलेलं, घ्यावं का ते विचारलंय, आणि घरीच शिजवून देता आलं तर बरं, असंही लिहिलंय.

ब्रँडच्या आधी दोन गोष्टी सांगू द्या, कारण त्यांच्यापुढे बाकी सगळं दुय्यम आहे.

बंड्या पुन्हा पुन्हा मातीत जाऊन बसतोय, कण्हतोय, खाली चाटत राहतोय आणि थेंब येत नाही, असं दिसलं तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. रात्र असली तरी. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाला फार अरुंद असतो. तो तुंबला की रक्तातलं पोटॅशियम चढत जातं, हृदयावर ताण येतो आणि एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. आपल्याकडे बरेच जण जोर करणारा बोका बघून पोट साफ होत नाहीये असं समजतात आणि तेल पाजत बसतात. तेवढ्यात वेळ निघून जाते.

दुसरी गोष्ट, डॉक्टरांना विचारा की लघवीत खडे किंवा कण सापडले का, आणि सापडले असतील तर कसले. स्ट्रुवाइट जातीचे खडे योग्य खाण्याने विरघळतात, कॅल्शियम ऑक्सलेटचे विरघळत नाहीत. त्यांनी लघवीच्या त्रासासाठीचं खास खाणं लिहून दिलं असेल, तर ते सांगतील तोवर तेच द्या, आणि बाजूला बांगड्याचा तुकडासुद्धा देऊ नका. त्या खाण्यात क्षारांचं प्रमाण मोजून ठेवलेलं असतं. वरून आपण काही घातलं की ते मोजमाप बिघडतं. पुढे लिहितेय ते असं खास खाणं दिलेलं नाही असं धरून.

आता मासा. 'मांजराक मासे नाय तर काय घालूचा?' असं आमच्या देवगडातही प्रत्येक घरात ऐकू येतं, आणि ते प्रेमानेच म्हटलेलं असतं. मासा वाईट नाही, पण एकट्या माशावर मांजराचं भागत नाही. काटे काढून दिलेल्या माशात कॅल्शियम जवळजवळ नसतं आणि फॉस्फरस भरपूर असतो. तारलीच्या कुळातल्या अनेक माशांत थायमिनेज नावाचं द्रव्य असतं. मासा कच्चा दिला की ते बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतं. असं बरेच दिवस चाललं की मांजराची मान खाली लटकते, तोल जातो, झटके येतात. शिजवल्यावर थायमिनेज निकामी होतं, म्हणून किनाऱ्यावर फेकलेली तारली मांजराला खाऊ देऊ नका, घरी उकडून द्या. तारली, बांगडा, गेदर असे तेलकट मासे रोज आणि तेवढेच दिले तर ई जीवनसत्त्व कमी पडतं आणि कातडीखालची चरबी सुजून दुखायला लागते. असं मांजर उचलून घेतलं की ओरडतं, आणि घरच्यांना वाटतं स्वभाव बदलला.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक अडचण आहे, तिचा विचार कोणी करत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्याला लागून कितीतरी घरांत श्रावण, मग गणपती. दहा महिने फक्त बांगडा खाल्लेला बोका या दिवसांत खारा बांगडा आणि सुक्या जवळ्यावर येतो. तुमच्या बंड्यासाठी हे सगळ्यात वाईट. खाऱ्या माशात मीठ भरमसाट. सुके बोंबील आणि जवळा बिनमिठाचे वाळवलेले असले तरी त्यातलं पाणी गेलेलं असतं आणि क्षार तेवढेच राहिलेले असतात. ज्याची लघवी एकदा तुंबली आहे त्याला सुकट नकोच. म्हणून त्याची पाकिटातल्या खाण्याशी ओळख आत्ताच, मासे मिळताहेत तोवर करून घ्या. ऐन बंदीत ते जड जाईल.

पाण्याचंही बघा. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले, पाणी शिकारीतूनच मिळवणारे, त्यामुळे मांजराला तहान मुळातच कमी लागते. बंड्याएवढ्या बोक्याला खाण्यातून आणि पिण्यातून मिळून दिवसाला साधारण पाव लिटर पाणी लागतं. दाण्यांत पाणी १० टक्क्यांच्या आतबाहेर, म्हणजे ६० ग्रॅम दाण्यांतून जेमतेम ६ मिलिलिटर. पाऊचमधल्या ओल्या खाण्यात ते ८० टक्क्यांच्या आसपास असतं. ८५ ग्रॅमचे दोन पाऊच पोटात गेले की सव्वाशे मिलिलिटरच्या वर पाणी आपोआप गेलं. लघवी पातळ राहिली की खडे धरायला वाव कमी. म्हणून तुम्हाला एकच सल्ला द्यायचा झाला तर मी म्हणेन, महागडे दाणे घेण्यापेक्षा साधे पाऊच सुरू करा.

पण पाऊच कुठला? पाकिटाच्या पुढच्या बाजूला मांजराचा देखणा फोटो असतो आणि नॅचरल, प्रीमियम, होलिस्टिक असे शब्द असतात. त्यावरून काहीच ठरवता येत नाही. पाकीट उलटं करा. पहिल्यांदा शोधायचं ते 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' किंवा 'कम्प्लीट फूड', आणि त्याच्या जवळपास आफ्को किंवा फेडियाफ या संस्थांच्या मानकांचा उल्लेख. पहिली अमेरिकेतली, दुसरी युरोपातली. त्याऐवजी 'कॉम्प्लिमेंटरी' किंवा 'ट्रीट' लिहिलेलं असेल तर तो खाऊ आहे, जेवण नाही. मांजरं जिच्यासाठी वेडी होतात ती नळीतली क्रीम आणि नुसत्या ट्यूनाचे बरेचसे डबे या दुसऱ्या गटातले असतात. चांगल्या मनाने महागडा ट्यूनाचा डबा रोज देणारी माणसं मी बघितली आहेत. मांजर मात्र अर्धवट पोसलं जातं.

'कम्प्लीट'च्या या एका ओळीला मी एवढं महत्त्व का देते, त्याला कारण आहे. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य खाण्यातूनच मिळावं लागतं, शरीरात ते पुरेसं तयार होत नाही. ते कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदयाचे स्नायू ढिले पडून हृदय फुगतं. हृदयाचा हा संबंध १९८७ साली अमेरिकेतले पशुवैद्य पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिला, आणि तो तेव्हाच्या बाजारातल्या तयार खाण्यावर वाढलेल्या मांजरांत दिसला होता. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं. आज आफ्कोच्या मानकानुसार दाण्यांत किमान ०.१ टक्का आणि डबाबंद खाण्यात ०.२ टक्के टॉरिन लागतं, कोरडा अंश धरून, म्हणजे खाण्यातलं पाणी वजा करून. कुत्र्याच्या खाण्याला अशी अट नाही, म्हणून शेजारच्या कुत्र्याचे दाणे मांजराला चालत नाहीत. मांस किती ताजं घातलंय यापेक्षा ही मोजमापं पाळली आहेत का, हे बघणं जास्त गरजेचं आहे.

त्यानंतर टक्के. इथे बहुतेकांची फसगत होते, म्हणून एक उदाहरण करून दाखवते. समजा दाण्यांच्या पाकिटावर प्रोटीन ३०, फॅट १०, फायबर ४, मॉइश्चर १० असं लिहिलंय, आणि पाऊचवर प्रोटीन ९, फॅट ३, फायबर १, मॉइश्चर ८४. वाचणाऱ्याला वाटतं, पाऊचमध्ये काहीच नाही. पण पाणी वजा करून बघा. दाण्यांत कोरडा अंश ९०, त्यात प्रोटीन ३०, म्हणजे ३३ टक्के. पाऊचमध्ये कोरडा अंश १६, त्यात ९, म्हणजे ५६ टक्के. आता पिष्ट पदार्थ काढू. ते पाकिटावर छापत नाहीत. १०० मधून हे सगळे आकडे आणि राख, म्हणजे खाण्यातले क्षार, वजा केली की उरतं ते. राख लिहिलेली नसेल तर दाण्यांत ८ आणि पाऊचमध्ये २ धरा. दाण्यांत उरले ३८, पाऊचमध्ये १. वजन वाढलेल्या, घरात लोळणाऱ्या बोक्यासाठी हा फरक मोठा आहे. मोठ्या मांजराला कोरड्या अंशात किमान २६ टक्के प्रोटीन हवं असं मानक सांगतं, मी स्वतः ४० च्या खालचं शक्यतो घेत नाही.

घटकांच्या यादीत पहिलं नाव चिकन, मासा, यकृत असं प्राण्याचं असावं. 'बाय-प्रॉडक्ट' वाचून दचकू नका, यकृत-हृदय त्यातच येतं आणि मांजराला ते चांगलंच. ग्रेन-फ्रीसाठी मात्र जादा पैसे मोजू नका. तांदूळ-मका काढून तिथे वाटाणा आणि बटाटा घालतात, पिष्ट बरेचदा होतं तेवढंच राहतं. 'अडल्ट' लिहिलेलं घ्या; पिल्लांच्या खाण्यात उष्मांक जास्त असतात.

सुटे दाणे आजपासून बंद करा. त्यावर तारीख नाही, घटक नाहीत, आणि पोतं कधी फोडलं ते दुकानदारालाही आठवत नसतं. आपल्याकडच्या दमट हवेत दाण्यांवरचं तेल लवकर खवट होतं आणि पावसात बुरशी धरते. एका मांजरासाठी सात किलोची गोणी स्वस्त पडते म्हणून आणू नका. किलोभराचं पाकीट आणा, दाणे मूळ पाकिटातच ठेवून ते पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि फोडल्यापासून महिनाभरात संपवा. पाऊच उघडून बशीत वाढला की तासाभरात उचला. मुंग्यांसाठी बशी पाणी घातलेल्या परातीत ठेवली की काम होतं.

किती द्यायचं? बंड्याचं योग्य वजन साडेचार-पाच किलो धरलं तर दिवसाला २०० ते २१० कॅलरी बास. दोन पाऊच आणि १५-२० ग्रॅम दाणे मिळून साधारण तेवढं होतं; पाऊचवरचा कॅलरीचा आकडा बघून दाणे कमी-जास्त करा. दाणे वाटीने घालू नका, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा. रोज दोन पाऊच परवडत नसतील तर एक द्या, दाणे ३५-४० ग्रॅम करा आणि ते कोमट पाण्यात भिजवून वाढा. वजन आठवड्याला ५० ग्रॅमच्या आसपास उतरलं तर उत्तम. पिशवीत घालून किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवलं की नेमकं कळतं. मधल्या काळात बरगड्यांवरून हात फिरवत जा. न दाबता बोटांना लागल्या पाहिजेत.

बदल हळूहळू करा. जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर चरबी यकृतात साचून ते आजारी पडतं, आणि तो आजार जीवघेणा आहे. त्यामुळे 'भूक लागली की खाईल' हे मांजराच्या बाबतीत करायचं नाही. बांगडा बिनमिठाच्या पाण्यात उकडा, काटे काढा, बोटांनी अगदी बारीक कुस्करा आणि त्यात चमचाभर पाऊच मिसळा. पाऊच गरम पाण्याच्या भांड्यात दोन मिनिटं ठेवून कोमट करा, वास सुटतो. दर दोन-तीन दिवसांनी पाऊच थोडा वाढवा, बांगडा थोडा कमी करा. बांगड्याच्या सवयीच्या बोक्याला तीन-चार आठवडेही लागतील, लागू द्या. एखाद दिवस तोंड फिरवलं तर मागच्या पायरीवर या. पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा.

शेवटी बांगडा अगदी तोडायची गरज नाही. डॉक्टरांची हरकत नसेल तर दिवसाला एक मोठा चमचा कुस्करलेला मासा चालेल, आणि मासे उकडलेलं बिनमिठाचं पाणी दाण्यांवर ओता, तेवढंच पाणी पोटात जाईल. आमटीतला मासा मात्र धुऊनही देऊ नका. आपल्या वाटपात कांदा-लसूण असतो, आणि तो मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो.

घरी शिजवण्याबद्दल: अधूनमधून उकडलेलं चिकन ठीक आहे. पूर्ण वेळ घरचं द्यायचं तर कॅल्शियम, टॉरिन, जीवनसत्त्वं ग्रॅमवारी मोजून घालावी लागतात आणि त्यासाठी पशुवैद्याकडूनच कृती लिहून घ्यावी लागते. अंदाजाने करू नका. नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिल्लांची हाडं मोडतात, ते बघवत नाही.

दुधाचं आजींना असं सांगा की मोठ्या मांजराला दूध नीट पचत नाही, जुलाब होतात, आणि वजनही वाढतं. त्यांना त्याला काहीतरी द्यायचंच असेल तर दुपारचा पाऊच त्यांच्या हातून वाढू दे. बंड्या त्यांच्याकडेच जाऊन बसेल.

तुमच्या गावात जे दोन-तीन पाऊच मिळतात त्यांच्या मागच्या बाजूचे फोटो इथे टाका, आकडे मांडून कुठला घ्यावा ते सांगते. डॉक्टरांनी खड्यांबद्दल काय सांगितलं तेही लिहा, त्यावर बरंच ठरेल.