ब्राह्म्सच्या चेलो सोनाटात पियानो फार पुढे येतो, चेलो दबतो. चेलो नीट ऐकू येईल असं रेकॉर्डिंग कुठलं?

पियानो फार पुढे येतो हे वाचलं आणि राहवलं नाही. तुम्ही बहुतेक जर्मन संगीतकार ब्राह्म्सच्या पहिल्या सोनाटाबद्दल (म्हणजे वाद्यांसाठीच्या अनेक भागांच्या रचनेबद्दल) विचारताय, ई मायनर, ओपस (रचनाक्रमांक) 38. त्याच्या नावात ब्राह्म्सने पियानो आधी लिहिलाय आणि चेलो नंतर. पियानो तिथे साथीला नाहीच.

माझा एक मित्र चेलो, म्हणजे व्हायोलिनचा मोठा, खालच्या सुराचा भाऊ, वाजवायचा, मी पियानो. पुण्यात त्याच्या घरी वीसेक लोकांसमोर हाच सोनाटा वाजवायचं ठरलं, तीन महिने रोज संध्याकाळी बसलो, आणि त्या दिवशी लोक येऊन बसल्यावर हा सगळ्यांदेखत म्हणतो, "वरचं झाकण बंद कर आणि हळू वाजव, तू साथीला आहेस." मी केलं बंद. सुरुवात चांगली झाली, कारण तिथे चेलो खालच्या जाड तारेवर गातो आणि पियानो नुसते तुटक कॉर्ड (एकदम दाबलेले सूर) देतो. पण वीस बार (मोजलेल्या ठोक्यांचे छोटे तुकडे) झाले की तीच धून पियानोकडे येते आणि चेलोने खाली जाऊन आधार द्यायचा असतो. तिथे मी सांगितल्याप्रमाणे दबकत वाजवतोय आणि हा आधाराचे सूर छाती काढून वाजवतोय, म्हणजे धून ऐकूच येईना कुणाला. पुढच्या आठवड्यात आम्ही एलपी लावून ऐकत होतो तर तो ॲम्प्लिफायरचं बॅलन्सचं बटण फिरवून पियानोची बाजू कमी करायला लागला. मी उठून बटण मधे आणलं, त्याने परत फिरवलं. त्यानंतर आम्ही एकत्र वाजवलं नाही.

ही तक्रार जुनीच आहे. हा सोनाटा ज्याला अर्पण केलाय त्या गेन्सबाखरने वाजवताना म्हटलं की मला माझा चेलो ऐकू येत नाही, तर ब्राह्म्स म्हणाला नशीब तुझं, असा किस्सा सांगतात. मला तो आवडत नाही, पण माझ्या मित्राला तेव्हा सांगायला हवा होता.

रेकॉर्डिंग म्हणाल तर रोस्त्रोपोविच (चेलो) आणि रुडॉल्फ सेर्किन (पियानो), 1982 चं. सेर्किन तेव्हा ऐंशीच्या घरात होता आणि तरी एकही सूर गिळत नाही, दोघं एकमेकांचं ऐकून वाजवतात. जॅकलिन द्यू प्रे आणि बॅरेनबॉइमचं 1968 चं सगळे सुचवतात, त्यात चेलो भरपूर मिळेल, पण मला ते फार ओढलेलं वाटतं. फूर्निए आणि फिर्कुश्नी जास्त नितळ आहे, पहिल्यांदा ऐकणाऱ्याने खरं तर तिथूनच सुरुवात करावी.

हां, आजचा मोठा ग्रँड पियानो आणि वाईट माइक असेल तर चेलो खरंच बुडतो, तेवढं तुमचं बरोबर आहे. मग पीटर विस्पेलवे आणि पॉल कोमेन ऐका, त्यात पियानो जुन्या काळचा आहे, आवाज हलका. फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, चेलोचा खालचा आवाज त्यात येतच नाही आणि दोष पियानोला लागतो.

आणि शेवटची मूव्हमेंट, म्हणजे शेवटचा भाग, ऐकाल तेव्हा बॅलन्सला हात लावू नका. तिथे फ्यूग आहे, म्हणजे एकच धून एकेक आवाज पाठोपाठ उचलतो; ती पियानोचा डावा हात एकटा सुरू करतो, मग चेलो येतो, मग उजवा हात. आवाज तीन आहेत आणि चेलो त्यातला एक.