पुढच्या ब्रेकला घाबरू नकोस
मोपेड असो वा हलकी मोटारसायकल, फक्त मागच्या ब्रेकवर विसंबू नकोस. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर सरकतं. मागचं हलकं होऊन घसरतं. म्हणून थांबवायची खरी ताकद पुढे. पण लिव्हर एकदम आवळायचा नाही: आधी हलका दाब, मग जोर वाढव. हँडल सरळ, दोन्ही ब्रेक एकत्र. वळणात, वाळूवर किंवा ओल्या पांढऱ्या पट्ट्यांवर पुढचा जोरात दाबलास, तर चाक लॉक होऊन गाडी आडवी!

ताशी ४० किमी वेगात सेकंदाला ११ मीटर जातात. सावध होईपर्यंतच एवढं अंतर संपतं. वेग दुप्पट, तर ब्रेकचं अंतर चौपट. मोकळ्या मैदानात ताशी २० पासून सराव कर. आणि हेल्मेटचा पट्टा बांध. सैल हेल्मेट डोकं आपटण्याआधीच निघून जाऊ शकतं.