रिझ्युमेत 'कॉन्ट्रिब्यूटेड टू रिड्यूस' बरोबर की 'टू रिड्यूसिंग'? बेळगावच्या उद्यमबागला फाउंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) आहे, रिजेक्शन (खराब निघालेला माल) कमी करण्यात माझा वाटा होता ते लिहायचंय

'कॉन्ट्रिब्यूटेड टू रिड्यूसिंग कास्टिंग रिजेक्शन' असंच लिही, 'टू रिड्यूस' नको. इथला 'टू' म्हणजे प्रिपोझिशन, त्याच्यापुढं नाम नाहीतर आयएनजीवालं रूपच येतंय, आणि शंका आली तर क्रियापदाच्या जागी नाम घालून बघ, 'कॉन्ट्रिब्यूटेड टू द रिडक्शन' चालतंय ना, मग झालं. बेळगावातल्या डिप्लोमावाल्या पोरांचे रिझ्युमे मी तपासून देतो, त्यात हीच चूक सगळ्यात जास्त दिसते, आणि दुसरी म्हणजे 'रिस्पॉन्सिबल टू चेक सँड मॉइश्चर', तिथं 'फॉर चेकिंग' पाहिजे, कारण 'रिस्पॉन्सिबल टू'च्या पुढं ज्याला तू उत्तर देतोस तो माणूस येतो, म्हणजे फोरमन वगैरे. बाकीचे पटकन:

- प्लेड अ रोल इन रिड्यूसिंग
- असिस्टेड इन टेस्टिंग, पण माणसाला मदत केली तर असिस्टेड द सुपरवायझर
- हेल्प्ड रिड्यूस किंवा हेल्प्ड टू रिड्यूस, दोन्ही चालतात (इथं मात्र आयएनजी नको)

'इन्व्हॉल्व्ड इन' शक्यतो टाळ, ग्रामर बरोबर आहे पण तू नक्की काय केलंस ते कळतच नाही. फक्त एक बघ, 'कॉन्ट्रिब्यूटेड' म्हटलं की काम चौघांनी मिळून केलं असा अर्थ निघतो, साच्याच्या सँडमधलं पाणी मोजून ब्लोहोल (कास्टिंगमधली गॅसची भोकं) तू एकट्यानंच कमी केले असशील तर सरळ 'रिड्यूस्ड ब्लोहोल रिजेक्शन बाय कंट्रोलिंग सँड मॉइश्चर' लिही की, उगाच लाजू नको.