ख्रिसमस ट्रीची घरी केलेली नैसर्गिक सजावट पुढच्या वर्षीही टिकेल का?

नैसर्गिक आणि वापरून झालेल्या वस्तूंपासून ख्रिसमस ट्रीची सजावट कशी करावी आणि ती पुढच्या वर्षी पुन्हा लावता येईल का, असे आपण विचारले आहे. नक्कीच लावता येईल, मात्र त्यासाठी प्रत्येक वस्तू आतपर्यंत कोरडी झालेली असायला हवी. रंगाचा विचार त्यानंतर करावा.

पाइनचे शंकू ओलाव्याने मिटतात आणि सुकले की उघडतात, कारण त्यांच्या खवल्यांचा बाहेरचा थर आतल्या थरापेक्षा ओलाव्याने अधिक फुगतो. झाडाखालून वेचलेले शंकू झटकून ओव्हनमध्ये सुमारे १०० अंश सेल्सिअसला अर्धा तास ठेवले, तर ते पूर्ण उमलतात आणि आत दडलेले किडेही मरतात. उष्णतेने राळ वितळते, म्हणून ट्रेवर कागद अंथरावा आणि ओव्हनपासून दूर जाऊ नये.

संत्र्याच्या साधारण ५ मिलिमीटर जाडीच्या चकत्या कापून त्यांचा रस कापडाने टिपून घ्यावा आणि मंद आचेवर, म्हणजे ९० ते १०० अंशांवर, अधूनमधून उलटत तीन-चार तास वाळवाव्यात. मध्यभागी जरा जरी चिकटपणा राहिला तरी पुढे बुरशी येते. या चकत्या दिव्यांच्या माळेजवळ टांगाव्यात, कारण मागून प्रकाश आला की त्यांच्या फोडी काचेसारख्या उजळतात. मला तरी विकतच्या कोणत्याही गोळ्यापेक्षा त्याच अधिक सुंदर वाटतात.

जुन्या वस्तूंमध्ये माझी पहिली पसंती विटलेल्या लोकरी स्वेटरला आहे. शुद्ध लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाण्यात साबण घालून स्वेटर जोराने घोळला की ते एकमेकांत अडकतात, विणकाम आटून घट्ट होते आणि मग त्यातून चांदणी कापा किंवा पान, कडेचे धागे सुटत नाहीत. ॲक्रिलिकच्या स्वेटरवर हा प्रयोग साधत नाही, म्हणून आधी लेबल पाहावे. सुटी बटणे, लेसचे तुकडे आणि फाटक्या पुस्तकांची पाने यांचाही उपयोग होतो. जुन्या वस्तूंच्या दुकानातून आणलेली रंगीत खेळणी मात्र घासू किंवा खरवडू नयेत, कारण पूर्वीच्या रंगांत शिसे असू शकते.

चमकी टाळावी, असे मी आग्रहाने सांगेन. ती बहुधा प्लास्टिकची असते आणि एकदा सांडली की पुरती गोळा करता येत नाही; युरोपीय संघाने सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर ऑक्टोबर २०२३ पासून निर्बंध घातले आहेत. जर्मनीतील लाउशा गावात १९व्या शतकात काचेचे गोळे घडू लागण्यापूर्वी झाडावर सफरचंदे आणि अक्रोड टांगले जात, तेव्हा चमकीवाचून झाड ओकेबोके दिसेल ही भीती नसावी.

दोन भाग मैदा, एक भाग मीठ आणि एक भाग पाणी यांच्या कणकेचे आकार मुलांना करायला फार आवडतात. दोरा ओवण्याचे भोक भाजण्यापूर्वीच पाडावे. मीठ हवेतील ओलावा ओढून घेते, म्हणून पूर्ण वाळलेल्या आकारांना दोन्ही बाजूंनी वॉर्निश लावावे. घरात कुत्रा असेल तर हे आकार वरच्या फांद्यांवरच टांगावेत, कारण त्यांतले मीठ त्याच्या जिवावर बेतू शकते.