काल्पनिक प्रदेशाचा नकाशा मुक्तस्रोत साधनांनी कसा तयार करावा?

कादंबरीतल्या काल्पनिक प्रदेशाच्या नकाशासाठी क्यूजीआयएस हे भौगोलिक माहितीवरून नकाशे करणारे साधन शिकावे की इंकस्केप या चित्ररेखनाच्या साधनावरच भागवावे, असे आपण विचारले आहे. जमीन आणि पाणी क्यूजीआयएसमध्ये करावे, अक्षरे आणि सजावट इंकस्केपमध्ये करावी, आणि या दोन्हींच्या आधी समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, आखाव्यात, असे माझे ठाम मत आहे. नद्या आधी काढून उरलेल्या जागेत डोंगर बसवलेल्या चित्राला मी नकाशा म्हणत नाही.

एका स्नेह्यांच्या किशोरकादंबरीसाठी असाच नकाशा करण्याचे काम माझ्याकडे आले होते. पश्चिमेला समुद्र, मध्ये उभा घाट आणि पूर्वेला पठार, असा तो प्रदेश होता. म्हणजे घडण सह्याद्रीचीच, फक्त नावे वेगळी. कथेची नायिका पठारावरच्या राजधानीत रात्री होडीत बसते आणि पहाटे बंदराला पोहोचते, असे पहिल्या खर्ड्यात होते, आणि पुस्तकाच्या चित्रकारांनी त्याप्रमाणे घाट ओलांडून समुद्राला मिळणारी एक डौलदार नदी काढूनही ठेवली होती. मी ते चित्र बाजूला ठेवले आणि उंचीपासून सुरुवात केली.

प्रकल्पाची निर्देशांक प्रणाली, म्हणजे नकाशावरची जागा आकड्यांत सांगण्याची पद्धत, मी ईपीएसजी ३२६४३ अशी ठेवली; यूटीएम पद्धतीत जगाचे जे पट्टे पाडतात त्यांतला हा ४३ उत्तर पट्टा. ही निवड केली, कारण तीत अंतरे मीटरमध्ये मिळतात आणि महाराष्ट्रातला सह्याद्री तिच्यातच येत असल्यामुळे काल्पनिक घाट खऱ्या घाटाशी ताडून पाहता येतो. २००० साली अवकाशयानातून झालेल्या एसआरटीएम या जमिनीच्या उंचीच्या मोजणीची माहिती सुमारे ३० मीटरच्या चौकटींमध्ये विनामूल्य उपलब्ध आहे. तिच्यावरून किनाऱ्यापासून घाटमाथ्यापर्यंतचे छेद काढले आणि चढ कुठे सौम्य आहे, कुठे एकदम उभा होतो, हे नीट पाहून घेतले. मग समोच्च रेषा स्वतः आखल्या, प्रत्येक रेषेला उंची दिली, आणि ग्रास या मुक्तस्रोत नकाशासाधनातल्या व्ही.सर्फ.आरएसटी या आज्ञेने त्यांचा सलग पृष्ठभाग तयार केला. क्यूजीआयएसमधली त्रिकोण जोडून पृष्ठभाग करणारी टिन पद्धत येथे टाळावी, कारण समोच्च रेषांवरून ती पृष्ठभागाला सपाट पायऱ्या पाडते. शेवटी त्या पृष्ठभागावर ग्रासमधलेच आर.वॉटरशेड चालवले; उतारावरून पाणी कुठे वाहील ते ही आज्ञा काढून देते.

पठारावरचा प्रत्येक प्रवाह पूर्वेकडे गेला आणि दोन बाजूंचे पाणी वेगळे करणारा जलविभाजक कड्याच्या अगदी काठावर उमटला. गोदावरीचे नेमके हेच आहे: त्र्यंबकेश्वरला ती उगम पावते तेथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर आहे, तरी पठाराचा उतार पूर्वेकडे असल्यामुळे ती १४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. कड्याच्या पश्चिमेला उतरणाऱ्या नद्या आखूड आणि वेगवान असतात, आणि होडी चालते ती भरतीचे पाणी जिथवर चढते तिथवरच. सावित्रीवरचे महाड आणि वाशिष्ठीवरचे चिपळूण ही बंदरे अशाच जागी वाढली. घाटमाथ्यावरचा माल बैलांच्या पाठीवरून खाली यायचा आणि तेथे गलबतात चढायचा. हे सारे लेखकांपुढे ठेवल्यावर त्यांनी ते प्रकरण पुन्हा लिहिले. आता नायिका तांड्याबरोबर घाटवाटेने दोन दिवस उतरते आणि खाडीच्या टोकाशी होडी धरते. पुस्तकातले ते सर्वांत चांगले प्रकरण आहे असे मी मानतो.

चित्रकारांना मात्र हे पटले नाही. प्रदेशच मनातला आहे, तर नदी कुठूनही वाहू द्यावी आणि प्रमाणपट्टीची गरजच काय, असे त्यांचे म्हणणे होते, आणि प्रकाशकांनी अखेर त्यांचाच नकाशा छापला. परिणामी मजकुरात मुलगी दोन दिवस घाट उतरत राहते आणि समोरच्या पानावर तिच्या शेजारून राजधानीची नदी सरळ बंदराला जाते. मग ती होडीने का गेली नाही, हा प्रश्न शाळकरी वाचकांनी लेखकांना विचारला, आणि तो अगदी रास्त होता. मुले नकाशावर बोट ठेवून गोष्ट वाचतात, म्हणूनच प्रमाणपट्टी लागते आणि म्हणूनच नदीला उतार लागतो. कल्पनेला पूर्ण मोकळीक आहे ती जमीन घडवताना. घाट कुठे ठेवायचा, पठार किती उंच करायचे, हे लेखकाने ठरवावे, पण ते एकदा ठरले की पाण्याची वाट ठरवण्याचा अधिकार त्याला उरत नाही.

उरलेली कामे किरकोळ आहेत. आर.वॉटरशेडमध्ये पाणलोटाच्या किमान आकाराची मर्यादा वाढवली की ओढे गळून मुख्य नद्या उरतात. डोंगरांच्या छायांकनासाठी प्रकाश वायव्येकडून घ्यावा, अन्यथा अनेकांना दऱ्या डोंगरांसारख्या दिसतात. नकाशा एसव्हीजी या रेखाचित्रांच्या फाइलप्रकारात निर्यात करताना अक्षरे मजकूर म्हणूनच ठेवावीत, म्हणजे इंकस्केपमध्ये ती दुरुस्त करता येतात. ‘मुक्त’ नावाचा देवनागरी फाँट मुक्त परवान्याचा असून लहान आकारातही स्वच्छ वाचता येतो. नदीच्या वळणावर नाव लिहिल्यास जोडाक्षरे तुटलेली नाहीत ना, हे छपाईपूर्वी पाहावे. जोसमसारखे ओपनस्ट्रीटमॅप संपादनाचे साधन वापरणार असाल, तर काल्पनिक गावे चुकूनही ओपनस्ट्रीटमॅपवर चढवू नका. तो खऱ्या जगाचा सामायिक नकाशा आहे आणि लोक त्याच्या आधाराने रस्ता शोधतात.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे: नदी डोंगररांग कधीच ओलांडत नाही, असे नाही. सतलज हिमालय आरपार कापून येते, कारण डोंगर उचलला जात असतानाही ती वाहत होती आणि आपले पात्र खोल करत होती. शरावती पश्चिम घाटातूनच पश्चिमेला जाते, पण जोगला ती २५३ मीटर खाली कोसळते, त्यामुळे तेथे होडीचा प्रश्नच येत नाही. आपल्या कथेला घाट ओलांडणारी नदी हवीच असेल, तर समोच्च रेषांमध्ये आधी खिंड पाडावी, तिचा तळ मागच्या पठारापेक्षा खाली न्यावा, पृष्ठभाग नव्याने तयार करावा आणि आर.वॉटरशेड पुन्हा चालवावे; नदी त्या खिंडीतून आपोआप येईल.