शेवट ठाऊक असूनही वाचाव्याशा वाटणाऱ्या कादंबऱ्या

प्रश्न : बँकेतील नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी पुन्हा वाचनाकडे वळले आहे आणि सध्या प्रामुख्याने प्रेमकथा वाचते. नुकत्याच वाचलेल्या तीन कादंबऱ्यांविषयीचे माझे मत कळवते व आपले मत विचारते. जेन ऑस्टिन यांची ‘पर्स्वेशन’ मी शब्दकोश शेजारी ठेवून सावकाश वाचली आणि ती मला फार भावली. सत्ताविशी गाठलेली, घरात कोणाच्या खिजगणतीत नसलेली ॲन एलियट मला आमच्याच नात्यातली वाटली. विसाव्या शतकातील इंग्रज लेखिका जॉर्जेट हेयर यांची ‘अ सिव्हिल काँट्रॅक्ट’ही आवडली, पण पुस्तक मिटताना मन खट्टू झाले, कारण नायकाचे आपल्या बायकोवर प्रेम बसले की त्याला नुसती तिची सवय झाली, हे मला ठरवता आले नाही. तिसरी एक नवी मराठी कादंबरी आहे. तिचे नाव देत नाही. तीत नायिका नायकाचे फोनवरचे अर्धेच बोलणे ऐकून गैरसमज करून घेते आणि त्यानंतर निम्मे पुस्तक संपेपर्यंत दोघे एकमेकांशी धड बोलत नाहीत. ती मी नेटाने पुरी केली इतकेच. तिन्हींत शेवटी दोघे एकत्र येणार हे मला पहिल्यापासून ठाऊक होते. मग एकीत जीव गुंतावा आणि दुसरीत कंटाळा यावा, असे का होते? आमच्या वाचनालयातील काही मंडळी अशा सगळ्याच पुस्तकांना ‘टाइमपास’ म्हणतात, ते आपल्याला पटते का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आपण तिसऱ्या कादंबरीविषयी जे लिहिले आहे त्यातच आले आहे. प्रेमकथेत शेवट काय होणार याची उत्सुकता नसतेच, आणि ते त्या प्रकाराचे वैगुण्य मानण्याचे कारण नाही. वाचक पाहत असतो तो दोघांच्या मध्ये काय आहे ते. मधला अडसर एका वाक्याने दूर होण्याजोगा असेल, तर ते वाक्य कोणी उच्चारू नये म्हणून लेखकाला सतत आटापिटा करावा लागतो. कधी फोन लागत नाही, कधी नेमकी तिसरी व्यक्ती दारात येते, कधी नायिका रडत निघून जाते, आणि वाचकाला पात्रांपेक्षा लेखकाचाच हात अधिक दिसू लागतो. आपला कंटाळा हा त्या ओढाताणीचा कंटाळा आहे, आणि तो रास्त आहे.

‘पर्स्वेशन’मध्येही दोघे बराच काळ बोलत नाहीत, तरी आपल्याला कंटाळा आला नाही, कारण तेथे बोलून प्रश्न सुटणारा नव्हता. ॲनने एकोणिसाव्या वर्षी फ्रेडरिक वेंटवर्थशी ठरलेले लग्न मोडले, ते लेडी रसेल यांच्या सल्ल्यावरून. तो सल्ला मूर्खपणाचा नव्हता, ही ऑस्टिन यांची खरी हुशारी आहे. मुलगा निर्धन, नौदलातला, युद्धाचे दिवस; आईच्या जागी असलेली कोणतीही बाई असेच सांगती. आठ वर्षांनी तो पंचवीस हजार पौंडांचा धनी होऊन परत येतो आणि मनात अढी बाळगून वावरतो. आता ॲनने बोलायचे म्हटले तरी काय बोलायचे? चूक झाली म्हणावे, तर त्याच्याकडे पैसा आल्यावर ती उमगली असे दिसणार. त्या समाजात स्त्रीने आपण होऊन असा विषय काढण्याची सोयही नव्हती. हा अडसर बाहेरून आणून ठेवलेला नाही. तो त्या दोघांच्या स्वभावांतून, कमाईतून आणि भूतकाळातून आला आहे.

अडसर असा भक्कम असला की लहानसहान कृतींना केवढे वजन येते, हे पाहण्यासाठी आपण नवव्या प्रकरणातला मुलाचा प्रसंग पुन्हा वाचावा, अशी माझी विनंती आहे. ॲन आजारी भाच्याची शुश्रूषा करीत गुडघे टेकून बसली आहे. तेवढ्यात त्याचा दोन वर्षांचा धाकटा भाऊ वॉल्टर तिच्या पाठीवर चढतो आणि तिच्या गळ्याला घट्ट मिठी मारून बसतो. ती रागावते, समजावते, पण तो हटत नाही. मग कोणीतरी त्याचे हात सोडवून त्याला उचलून नेते, आणि तो वेंटवर्थ आहे हे तिला मागाहून कळते. तिच्या तोंडून आभाराचा शब्दही फुटत नाही, आणि तोही मुलाशी मुद्दाम मोठ्याने खेळत राहतो, म्हणजे तिला बोलावे लागू नये. प्रेमाची कबुली नाही, नजरानजर नाही, तरीही या माणसाच्या मनात अजून काय शिल्लक आहे ते आपल्याला पुरते कळते.

या कादंबरीच्या शेवटाची एक हकिकत आपल्या प्रश्नाशी अगदी निगडित आहे. ऑस्टिन यांनी 1816 च्या जुलैमध्ये शेवट एकदा लिहून पुरा केला होता, आणि सुदैवाने ते हस्तलिखित आजही उपलब्ध आहे. त्यात ॲन आपल्या चुलतभावाशी लग्न करणार असल्याच्या अफवेची शहानिशा करण्याचे काम वेंटवर्थचे मेहुणे ॲडमिरल क्रॉफ्ट त्याच्यावरच सोपवतात; तो अवघडून विचारतो, ती नाही म्हणते, आणि गाठ सुटते. हा शेवट चुकीचा नव्हता, पण गाठ तिसऱ्याच्या निरोपाने सुटत होती. ऑस्टिन यांना तो फिका वाटला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि बाथ शहरातल्या खानावळीचा प्रसंग नव्याने रचला. ॲन खिडकीपाशी वेंटवर्थचे मित्र कॅप्टन हारव्हिल यांच्याशी स्त्री आणि पुरुष यांच्यांत निष्ठा कोणाची अधिक टिकते यावर बोलत असते, आणि जवळच्याच टेबलावर लिहीत बसलेला वेंटवर्थ ते ऐकत असतो. तो जे पत्र तिच्यापुढे सरकवतो ते तिच्या त्या बोलण्याचे उत्तर आहे. म्हणजे गाठ आता तिच्या बोलण्यामुळे सुटते. प्रकृती खालावलेली असताना एखादी लेखिका ‘शेवटी ते एकत्र येतात’ एवढ्यासाठी दोन प्रकरणे पुन्हा लिहिते, यावरून हे लेखन तिने किती जबाबदारीने केले ते दिसते. 1817 च्या जुलैमध्ये त्यांचे निधन झाले आणि पुस्तक त्याच वर्षाच्या अखेरीस प्रसिद्ध झाले.

‘अ सिव्हिल काँट्रॅक्ट’विषयी आपल्याला पडलेली शंका लेखिकेला अपेक्षित होती, असे मला वाटते. 1961 मध्ये आलेली ही कादंबरी हेयर यांच्या नेहमीच्या हसतमुख पुस्तकांहून वेगळी आहे. ॲडम डेव्हरिल युद्धावरून परततो तो वडिलांच्या निधनाची बातमी आणि त्यांनी करून ठेवलेले डोईजड कर्ज अंगावर घेण्यासाठी. त्याचे मन सुंदर ज्युलियावर जडलेले आहे, पण वाडा आणि धाकट्या बहिणींचे भवितव्य राखायचे म्हणून तो लंडनच्या धनाढ्य व्यापाऱ्याच्या साध्यासुध्या मुलीशी, जेनीशी लग्न करतो. येथे लग्न आधी होते आणि कथा नंतर सुरू होते. ठरवून केलेल्या लग्नांत वाढलेल्या मराठी वाचकाला हा क्रम परका वाटत नाही, आणि म्हणूनच आपल्यासारखा वाचक हा शेवट इतक्या बारकाईने तपासतो.

माझे मत असे आहे की ॲडमचे जेनीवर प्रेम बसते, परंतु ते ज्युलियावरच्या प्रेमासारखे नाही, आणि लेखिका ते तसे असल्याचे खोटे सांगत नाही. जेनीला हा फरक माहीत आहे. तिला तो थोडा सलतो, आणि तरीही ती समाधानी आहे. ही तिन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात असे दाखवणे हलक्याफुलक्या कादंबरीत सोपे नसते. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते सासऱ्याचे पात्र. चॉली हे मनाने उदार गृहस्थ आहेत, पण त्यांच्या उदारपणाखाली जावई गुदमरतो. 1815 च्या जूनमध्ये वॉटर्लूच्या लढाईत इंग्रजांचा पराभव झाल्याची आवई लंडनमध्ये उठते, तेव्हा सासरे रोखे विकून टाकण्याचा सल्ला देतात. इंग्रज सेनापती वेलिंग्टनच्या हाताखाली लढलेला ॲडम मात्र विश्वासाने रोखे विकत घेतो आणि त्याला मोठा फायदा होतो. त्या पैशापेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे तो आता कोणाचा मिंधा राहत नाही, आणि मिंधेपणा संपल्यावरच त्याला जेनीकडे मोकळ्या मनाने पाहता येते. दोघांच्या मधला अडसर ज्युलिया नव्हती, पैसा होता. एवढे लक्षात घेऊन शेवटची पाने पुन्हा वाचावीत. मन इतके खट्टू होणार नाही, असा मला विश्वास वाटतो.

राहिला ‘टाइमपास’चा आक्षेप. मराठीत हा वाद जुना आहे. ना. सी. फडके यांनी 1931 मध्ये ‘प्रतिभासाधन’ लिहून कथा-कादंबरीची रचना ही अभ्यासाने साध्य होणारी गोष्ट आहे, असे ठामपणे मांडले, आणि रंजनाला कमी लेखणाऱ्यांशी ते आयुष्यभर वाद घालत राहिले. त्यांच्या कादंबऱ्यांतले अडसर मला कित्येकदा तकलादू वाटतात, योगायोगांवर त्यांची भिस्त फार आहे, परंतु वाचकाचा वेळ घ्यायचा तर त्याबदल्यात नीटनेटके, डौलदार गद्य दिलेच पाहिजे, ही त्यांची शिस्त आजच्या अनेक रंजक लेखकांनी उचलण्याजोगी आहे. वाचनालयातल्या मंडळींनी पुस्तकाला नावे ठेवावीत, पण ते वाचून. संपूर्ण प्रकारालाच नावे ठेवणे मला पटत नाही.

प्रश्न : माझी सोळा वर्षांची मुलगी मैत्रिणींकडून आणलेल्या इंग्रजी प्रेमकथा रात्र रात्र वाचते. माझी आई सांगते की तिच्या तरुणपणी काकोडकरांची पुस्तके मुली गादीखाली लपवीत असत. मी मुलीला अडवावे का?
— एक पालक, नाशिक

उत्तर : आपल्या आईंनी चंद्रकांत काकोडकरांचे नाव काढले ते बरे झाले. 1962 साली ‘रंभा’ मासिकाच्या दिवाळी अंकात त्यांची ‘श्यामा’ ही कथा आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1969 मध्ये न्यायालयाने लेखकाला निर्दोष ठरवले. कथेचा वाङ्मयीन दर्जा फार वरचा नसेल, असे न्यायमूर्तींनी मोकळेपणाने म्हटले; पण समाजाची मापे झपाट्याने बदलत आहेत आणि केवळ लैंगिकतेचा उल्लेख आला म्हणून लेखन अश्लील ठरत नाही, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. दर्जा आणि गुन्हा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची ही पद्धत घरातही उपयोगी पडावी.

मुलीला अडवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अडवलेले पुस्तक गादीखाली जाते, आणि मग त्याविषयी आपल्याशी बोलणे ती बंद करते. त्याऐवजी तिच्याकडून एक पुस्तक मागून घ्यावे, ते खरोखर वाचावे आणि नायकाच्या वागण्याविषयी तिचे मत विचारावे. अशा अनेक कादंबऱ्यांत नायक मत्सरी असतो, पाळत ठेवतो, नकार ऐकून घेत नाही, आणि लेखक त्यालाच उत्कट प्रेमाचे लक्षण मानतो. काळजी करायची तर प्रणयप्रसंगांपेक्षा याची करावी. सोळा वर्षांच्या मुलीला हा फरक दिसतो, मात्र तिचे म्हणणे आपण परीक्षकासारखे ऐकता कामा नये. रात्रीच्या जागरणाबद्दल मात्र आपण जरूर बोलावे. तो झोपेचा प्रश्न आहे, साहित्याचा नाही.

प्रश्न : हेयर यांच्या कादंबऱ्यांची सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करावी? मैत्रिणीने ‘द ग्रँड सोफी’ सुचवली आहे.
— एक वाचक, पणजी

उत्तर : ‘द ग्रँड सोफी’ खेळकर आहे आणि तिची नायिका कर्तबगार आहे, पण तीत एका ज्यू सावकाराचे चित्रण अत्यंत पूर्वग्रहदूषित आहे. पुस्तक 1950 सालचे, म्हणजे युरोपातील ज्यूंच्या संहाराला जेमतेम पाच वर्षे झालेली असतानाचे आहे, ही गोष्ट मला फार खुपते. प्रथम तेच हाती घेऊ नये. त्यापेक्षा 1965 सालची ‘फ्रेडरिका’ घ्यावी. आळसावलेला, कोणासाठी इकडची काडी तिकडे न करणारा एक उमराव आणि धाकट्या भावंडांचा भार एकटीने वाहणारी फ्रेडरिका यांची ती कथा आहे. तीत यंत्रांचे वेड असलेला तिचा धाकटा भाऊ फेलिक्स आहे, आणि लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये गायींच्या मागे लागून गोंधळ माजवणारा एक कुत्राही आहे. फेलिक्स आकाशात चढणाऱ्या फुग्याबरोबर वर जातो आणि पुढे आजारी पडतो, तेव्हा तो उमराव त्याच्या उशाशी बसून राहतो. फ्रेडरिकाला तो आवडू लागणे त्यानंतर अगदी स्वाभाविक वाटते. इंग्रजी थोडे जुन्या वळणाचे आहे, परंतु पहिली तीन-चार प्रकरणे सरली की ते अडत नाही.