इंग्लंडमध्ये मुलांचे काम: साताऱ्याहून आलेल्या प्रश्नाला उत्तर

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी) करून साताऱ्यात बालसंरक्षणाच्या कामात काही वर्षे काढल्यावर इंग्लंडला येऊन किशोरवयीन मुलांसाठी सोशल वर्कर व्हावे का, आणि या कामात समाधान मिळते का, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसा, पगार आणि शुल्क यांची माहिती सरकारी संकेतस्थळांवर मिळते, म्हणून ती मी लिहीत नाही. समाधानाच्या प्रश्नाने मात्र मला अस्वस्थ केले आणि त्यामुळेच हे उत्तर लांबले आहे.

आधी कागदपत्रांबद्दल लिहिते, कारण त्याचा राग अजून गेलेला नाही. येथे ‘सोशल वर्कर’ हे पद कायद्याने संरक्षित आहे. ‘सोशल वर्क इंग्लंड’ या नियामक संस्थेकडे नोंदणी झाल्याशिवाय ते नावापुढे लावता येत नाही. अर्ज भरणे अवघड नाही, पण तुम्ही क्षेत्रकार्य, म्हणजे शिकताना प्रत्यक्ष संस्थेत जाऊन केलेले काम, कोठे केले, कोणाच्या देखरेखीखाली केले आणि त्यात कोणती जबाबदारी पेलली, हे त्यांना सविस्तर हवे असते, तर आपल्या गुणपत्रिकेवर क्षेत्रकार्यापुढे नुसते गुण असतात. त्यात माझ्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि माहेरचे, तर पासपोर्टवर सासरचे. माझा धाकटा भाऊ कामावर खाडे करून विद्यापीठाच्या खिडकीपुढे उभा राहत असे. प्रत्येक वेळी नवाच कागद मागितला जाई आणि हे आधी का सांगितले नाही असे विचारले, की साहेब मीटिंगमध्ये आहेत असे उत्तर मिळे. सहीचे एक पत्र हवे होते, एवढीच ती गोष्ट होती.

आता कामाविषयी. आपण साताऱ्याची माणसे या कामाकडे वसतिगृहाच्या नजरेने पाहतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका छपराखाली आणले आणि त्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, हे ऐकत आपण वाढलो. मुलांसाठी काम करणारा माणूस मुलांचा होऊन जातो, हे आपल्या अंगात भिनलेले आहे. येथे त्याच्या बरोबर उलटी शिस्त आहे. मुलाला घरी जेवायला नेता येत नाही, स्वतःचा खासगी फोन नंबर देता येत नाही. या मर्यादा मुलांच्या सुरक्षिततेसाठी आहेत आणि त्यांची गरज मला पटते. तरी दिवसभर उपाशी असलेल्या मुलासमोर बसून त्याच्या जेवणाची सोय करण्यासाठी फोनवर फोन करताना जीव कासावीस होतो.

कोर्टाने एखादे मूल स्थानिक परिषदेच्या, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेसारख्या संस्थेच्या, ताब्यात दिले, की १९८९ च्या बालक कायद्यानुसार पालकत्वाची जबाबदारी परिषदेवरही येते आणि त्या मुलाला ठरावीक काळाने, पहिल्या वर्षी निदान दर सहा आठवड्यांनी, भेटावेच लागते. नव्या मुलाला मी पहिल्यांदा भेटते तेव्हा तो बहुधा एकच गोष्ट विचारतो: ‘तुम्ही किती दिवस राहणार?’ सोशल वर्कर सतत बदलत असतात हे त्याने पाहिलेले असते. मी सुट्टीत साताऱ्याला पोहोचते तेव्हा पिशवी खाली ठेवण्याआधी आईही हेच विचारते. दोघांनाही मी खरे तेच सांगते, आणि दोघांचेही चेहरे सारखेच होतात.

मुलांना एका प्रतिपालक घरातून (म्हणजे परिषदेने मूल सांभाळायला दिलेल्या कुटुंबाकडून) दुसऱ्या घरात हलवताना त्यांचे सामान कधीकधी कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत भरले जाते. एका मुलाच्या पिशवीचा तळ रस्त्यावर फाटला. त्यातून कपडे, एका पायाचा बूट आणि शाळेत मिळालेले प्रमाणपत्र बाहेर पडले. त्याने बूट उचलला, प्रमाणपत्र तेथेच राहू दिले. ते मी उचलून घेतले. तेव्हापासून माझ्या गाडीत रिकामी सूटकेस असते.

दिवसाचा मोठा भाग संगणकावर नोंदी करण्यात जातो आणि त्याने नवखे लोक खचतात. परंतु याच नोंदींनी मला या व्यवसायातील सर्वांत मोलाची गोष्ट शिकवली. मूल मोठे झाल्यावर आपली फाइल मागून वाचू शकते, म्हणून प्रत्येक वाक्य ते एक दिवस वाचणार आहे असे समजून लिहावे लागते. आपल्याकडचा सामाजिक तपासणी अहवाल बाल न्याय मंडळासाठी लिहिला जातो; ‘वडील व्यसनी, घरची परिस्थिती हलाखीची’ एवढ्यात सगळे कुटुंब संपते. तुम्ही तेथेच राहिलात तरी ही एक सवय लावून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

एकटेपणाविषयी तुम्ही विचारले आहे. तो असतो, हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो, मग माणूस कामाला लागतो आणि निभावते.

शाळेचे दुःख मात्र वेगळे आहे. माझा मुलगा येथे शाळेत गेला तेव्हा तो मराठीत गोष्टी रचून सांगत असे; इंग्रजीत गप्प राहतो म्हणून त्याला मागे पडलेल्या मुलांच्या गटात बसवले आणि घरी इंग्रजीच बोला असे आम्हाला सांगण्यात आले. आम्ही ते ऐकले नाही, पण मुलाने ऐकले. आज तो हुशार विद्यार्थी गणला जातो आणि आजीच्या फोनला इंग्रजीत उत्तर देतो. दुसऱ्यांच्या मुलांची बाजू बैठकांमध्ये ठामपणे मांडणारी मी, त्या शिक्षिकेसमोर पालकांच्या लहान खुर्चीत बसले होते आणि माझे म्हणणे विनम्रपणे ऐकून बाजूला ठेवले गेले. हे अजून सलते.

तरीही काम सोडावेसे वाटत नाही. एकट्याने सीमा ओलांडून आश्रयाला आलेली मुले माझ्या उच्चारावरून ओळखतात की हीसुद्धा बाहेरचीच आहे, आणि इतरांपुढे न बोललेले माझ्यापुढे बोलतात. कित्येक महिने शाळेत न गेलेली मुलगी सलग आठवडाभर गेली, की आमच्या कार्यालयात खरोखर आनंद होतो. पण अठराव्या वर्षी मूल बहुधा दुसऱ्या विभागाकडे जाते; पंचविशीपर्यंत त्याला सल्लागार मिळू शकतो, तो मात्र मी नसते. साताऱ्याच्या एसटी स्टँडवर जुना मुलगा ‘ताई’ म्हणून हाक मारतो आणि कडेवरचे लेकरू दाखवतो, ते येथे जवळजवळ घडत नाही. तुमचे समाधान त्या हाकेत असेल, तर येऊ नका. नीट केलेला आपला वाटा दुसऱ्याच्या हाती सोपवून शांत झोपणे जमत असेल, तर जरूर या.

कोणत्याही बाजूने ठरले तरी महाविद्यालयाकडून क्षेत्रकार्याचे सविस्तर पत्र आताच घ्या, तुमचे मार्गदर्शक निवृत्त होण्यापूर्वी. मसुदा मला पाठवलात, तर त्यात काय कमी आहे ते मी सांगेन.